आधी धून, मग गिटार : केल्टिक रॉक बांधायला घेताना

डब्लिनच्या हॉर्सलिप्स या बँडचं 1973 सालचं ‘ड्यॅरग डूम’ हे गाणं एकदा ऐका. त्यातला इलेक्ट्रिक गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा छोटा स्वरतुकडा, ऐकून कुणीही म्हणेल, सत्तरच्या दशकातला पक्का हार्ड रॉक. प्रत्यक्षात तो रिफ म्हणजे ‘ओनील्स मार्च’ ही जुनी आयरिश धून आहे, ॲम्प्लिफायरला जोडलेली. सतरा वर्षांनी, 1990 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी आयर्लंडच्या संघाचं गाणं बनवताना तोच रिफ पुन्हा वापरला गेला आणि अख्ख्या देशाच्या तोंडी बसला. लोकधून, मग रॉक, मग स्टेडियम असा तिचा प्रवास.

हॉर्सलिप्सनी इथे तयार रॉक गाण्यावर बासरी शिंपडलेली नाही. त्यांनी धूनच रिफच्या जागी बसवली आणि बाकी सगळ्या वाद्यांना तिच्या मागे चालायला लावलं. आम्ही चौघांनी पहिल्यांदा हा प्रकार करून पाहिला तेव्हा नेमकं उलटं केलं होतं. चार कॉर्डचं आमचं नेहमीचं गाणं, त्यात मध्येच सोळा बारची (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) व्हायोलिनची जागा. ऐकणाऱ्या एका मित्रानं ‘छान, जाहिरातीतलं वाटतं’ म्हटलं, आणि त्याचं खरं होतं. खाली लिहिलेल्या पायऱ्या त्यानंतर चुकत चुकत सापडलेल्या आहेत. घरी गिटार, व्हायोलिन, बासरी यांपैकी काही वाजवणारी आणि एखादा ड्रमर मित्र असलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. नुसतं ऐकायचं असेल त्यांना पहिल्या दोन-तीन पायऱ्या पुरतील.

उच्चाराचं आधीच सांगून टाकतो. संगीताच्या बाबतीत ‘केल्टिक’ म्हणायचं, ‘सेल्टिक’ हा ग्लासगोचा फुटबॉल क्लब. आणि केल्टिक म्हणजे फक्त आयर्लंड नव्हे. स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्सचा ब्रिटनी हा पश्चिमेकडचा भाग, हे सगळे त्यात येतात. स्पेनमधला गॅलिसियासुद्धा स्वतःला या गोतावळ्यात धरतो.

हे दोन प्रकार जुळतात तरी का?

हे कळलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात, म्हणून इथे जरा थांबू.

रॉक गिटारवाला विकृत, खरखरीत आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवत नाही, कारण गंधार मिसळला की आवाजाचा चिखल होतो. तो वाजवतो पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. आता बॅगपाइप बघा. स्कॉटिश हायलँड बॅगपाइपला तीन ड्रोन असतात, दोन टेनर आणि एक बेस, आणि तिन्ही अखंड एकच स्वर धरून बसतात, बेसचा एक सप्तक खाली. सनईवाल्याच्या शेजारी बसून नुसता सूर देणारा साथीदार आठवा, किंवा तंबोरा. म्हणजे दोन्हीकडे खाली एक पोकळ, भक्कम आधार आहे आणि कोमल-शुद्ध ठरवायचं काम धूनेवर सोडलेलं आहे. पॉवर कॉर्ड हा रॉकचा तंबोराच आहे म्हणा ना.

दुसरं, स्वरसमूह. आयरिश आणि स्कॉटिश धूना मुख्यतः चार मोडमध्ये असतात आणि आपल्याला ते चारही ओळखीचे आहेत: आयोनियन म्हणजे बिलावल थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, एओलियन म्हणजे आसावरी. यातल्या तीन थाटांत निषाद कोमल आहे, आणि कोमल निषादावरची कॉर्ड मारून षड्जावर परत येणं ही तर रॉकची आवडती खोड. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची धून आणि गॅरेजमधला पोरगा एकाच ठिकाणी वळण घेतात ते असं.

तिसरं, पुनरावृत्ती. या धूना नाचासाठी बांधलेल्या आहेत. आठ बारचा पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा भाग दोनदा, असे 32 बार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. रॉकचा रिफही घोळवूनच चढतो.

पहिली पायरी: कान

गाण्यांची लांबलचक यादी देत नाही. पाच थांबे पुरे आहेत, फक्त याच क्रमानं.

आधी वीज नसलेलं ऐका. 1972 चा प्लँक्स्टी आणि 1975 ला सुरू झालेला द बॉथी बँड, हे दोन आयरिश बँड. बॉथी बँडमध्ये ड्रम नाहीत, बेस गिटार नाही, तरी अंगावर येतात. हा जोर गिटार आणि बुझुकीच्या उजव्या हातातून येतो. बुझुकी हे मूळचं ग्रीक वाद्य, साठच्या दशकात आयरिश संगीतात आलं आणि इतकं रुळलं की आज तिथे कुणी त्याला परकं म्हणत नाही. आपल्याकडची पेटी जशी.

मग हॉर्सलिप्स, शक्यतो 1973 चा ‘द टॉइन’ हा अख्खा अल्बम.

मग ब्रिटनीचा ॲलन स्टिव्हेल. ब्रिटनीतली जुनी हार्प वाजवण्यातून गेली होती. स्टिव्हेलच्या वडिलांनी 1953 मध्ये ती नव्यानं बनवली आणि ती पोराच्या हातात दिली. त्या पोरानं 28 फेब्रुवारी 1972 ला पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात हार्पच्या बरोबरीनं इलेक्ट्रिक गिटार उभी केली. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आहे. हार्पसारखं नाजूक वाद्य गिटारच्या गर्दीत कसं टिकतं ते तिच्यात ऐका: हार्प वाजत असताना बाकीचे बाजूला होतात, एवढीच युक्ती.

चौथा थांबा लंडनचा. द पोग्स, 1982 पासून. काही आयरिश घरांतली, काही इंग्लिश, पंकच्या वातावरणात वाढलेली मुलं. त्यांनी पंकचा वेग आणि बेदरकारपणा घेतला, पण वाद्यं टिन व्हिसल, बँजो, अकॉर्डियन अशीच ठेवली. सुरुवातीच्या काळात त्यांचा ड्रमर उभ्यानं, मोजक्याच ड्रमवर वाजवायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, ड्रमच्या पायरीवर लागेल.

पाचवा, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा रनरिग. 1973 पासून 2018 पर्यंत हे लोक गेलिक भाषेतही रॉक गात राहिले. एक शब्द कळत नसताना हजारो माणसं सोबत गातात, ते ऐकताना मला आषाढी वारीतल्या टाळकऱ्यांची आठवण येते. तुम्हाला येईलच असं नाही.

अमेरिकेतले ड्रॉपकिक मर्फीज आणि फ्लॉगिंग मॉली नंतर ऐका. ते आधी ऐकले की केल्टिक रॉक म्हणजे सतत आरडाओरडा असा समज होतो.

दुसरी पायरी: धून निवडा, आणि तिचा ठेका ओळखा

रील, जिग, स्लिप जिग, हॉर्नपाइप, पोल्का ही सगळी नाचांची नावं आहेत आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा आहे. रीलच्या एका बारमध्ये आठ छोटे स्वर पळतात, म्हणून ती मनात केहरव्यावर मोजता येते. जिगमध्ये सहा, तीन-तीनचे दोन गट, म्हणजे दर बारला दादऱ्याचं एक आवर्तन. स्लिप जिगमध्ये नऊ, तीनाचे तीन गट. हॉर्नपाइप म्हणजे किंचित लंगडत चालणारी, सावकाश रील.

पहिल्यांदा जिग घ्या. रीलच्या वेगात नवख्यांची बोटं अडकतात आणि चार-चारच्या मोजणीमुळे ड्रमर लगेच त्याच्या नेहमीच्या सवयीच्या ठेक्यावर घसरतो. जिगमध्ये त्याला विचार करावाच लागतो.

धूनांचा साठा अफाट आहे. तो जपण्यात मोठा वाटा एका पोलीस अधिकाऱ्याचा. फ्रान्सिस ओनील हा आयर्लंडमध्ये जन्मलेला माणूस शिकागोच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला. शहरातल्या आयरिश वादकांकडून धूना गोळा करून त्यानं 1903 मध्ये 1850 धूनांचा संग्रह छापला. आयर्लंडमधले वादकसुद्धा तो संग्रह पुढे कित्येक दशकं वापरत राहिले. आता ‘द सेशन’ या संकेतस्थळावर हजारो पारंपरिक धूना इंग्रजी अक्षरांच्या स्वरलिपीत फुकट मिळतात, एकेका धूनेची दहा-दहा रूपं. तिथे जाऊन गोंधळू नका. एकच धून घ्या. आपण ‘स्वॉलोटेल जिग’ घेऊ.

तिसरी पायरी: सरगम करून पाठ करा

आयर्लंडमध्ये या धूना पिढ्यान्‌पिढ्या कानावरून शिकल्या गेल्या. नोटेशन समोर ठेवून वाजवलं की बारच्या रेषा ऐकू येतात, नाच ऐकू येत नाही. आपल्याकडे गाऊन पाठ करायची सवय आहे, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. षड्ज ‘ई’ धरा, म्हणजे पांढरी तीन. थाट काफी, गंधार आणि निषाद कोमल. पहिला भाग असा:

गसासा पसासा | गसासा पमग | रेनिनि मनिनि | निधनि मगरे |
गसासा पसासा | गसासा प–ध | निधनि मगरे | गसासा सा–– ||

तिसऱ्या बारमधले चारही निषाद मंद्र आहेत, बाकीचे मध्य सप्तकातले. दुसरा भाग वर चढतो:

पधनि सां–रें | सां–रें सांनिप | पधनि सां–रें | सांनिप नि–– |
पधनि सां–रें | सां–रें सांनिप | निधनि मगरे | गसासा सा–– ||

शेवटचे दोन बार पहिल्या भागासारखेच आहेत हे दिसलं असेल. वर फिरून पुन्हा त्याच घरात यायचं.

टाळी देत म्हणा. प्रत्येक तीन स्वरांतला पहिला किंचित लांब, मधला घाईत उरकलेला, तिसरा पुढच्याला ढकलणारा. तिन्ही अगदी समान म्हटले की शिवणयंत्र चालू झाल्यासारखं वाटतं. लय आधी संथ घ्या. आयरिश बैठकीत जिग साधारण मिनिटाला 110 ते 120 मोठ्या ठोक्यांनी चालते, बारला दोन ठोके. त्या वेगात 32 बारची अख्खी धून जेमतेम अर्ध्या मिनिटात संपते. पण तुम्ही 70 पासून सुरू करा आणि आठवडाभर तिथेच राहा.

बासरीवाल्यांसाठी एक सोय आहे. टिन व्हिसल ही सहा छिद्रांची स्वस्त धातूची शिट्टी, आणि आयरिश संगीतात सगळ्यात जास्त चालते ती ‘डी’ची. सहाही छिद्रं बंद केली की तिचा ‘डी’ लागतो. आपली पांढरी पाचाची बासरी, म्हणजे ‘जी’ षड्जाची, सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम देते, आणि तोही ‘डी’च. छिद्रांचा क्रमही जुळतो. म्हणजे पांढरी पाचाच्या बासरीवर डी व्हिसलच्या सगळ्या धूना त्याच बोटांनी निघतात, फक्त आवाज खालच्या सप्तकातला आणि जास्त हवेचा येतो. आमच्याकडे पहिले चार महिने बासरीच होती. टिन व्हिसल नंतर आणली, कारण गिटारच्या गर्दीत बासरी बुडते आणि व्हिसल वर तरंगते.

चौथी पायरी: मींड आवरा

हिंदुस्थानी तालमीत वाढलेल्या व्हायोलिन किंवा बासरीवाल्याला हे सगळ्यात जड जातं. आपला अलंकार स्वराला वळण देतो. तिथला अलंकार ठोका देतो.

‘कट’ म्हणजे स्वर सुरू होतानाच वरच्या बोटाची क्षणभर उचल. ‘टॅप’ म्हणजे खालच्या बोटाची चापट. मूळ स्वर, कट, मूळ स्वर, टॅप, मूळ स्वर हे सगळं एका दमात केलं की झाला ‘रोल’. या मधल्या फटक्यांचा स्वर नेमका कोणता हे ऐकू यायलाच नको, नुसती टिचकी ऐकू यायला हवी. ही रीत का पडली तेही पाहण्यासारखं आहे. हायलँड बॅगपाइपमध्ये पिशवीतून हवा सतत येत असते, वाद्य मध्येच थांबवता येत नाही आणि लहान-मोठा आवाजही करता येत नाही. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवणार? मध्ये एखादा सूक्ष्म स्वर टाकून. अडचणीतून आलेली ती टिचकी पुढे शैली झाली.

व्हायोलिनवर ‘गसासा’ वाजवताना दोन्ही षड्जांना वेगळा गज द्या. घसरत गंधारावर जाऊ नका. धून पक्की झाली की एखाद्या ‘एअर’मध्ये, म्हणजे नाचासाठी नसलेल्या संथ चालीत, मींड हवी तेवढी वापरा, तिथे ती सुंदर लागते.

पाचवी पायरी: कॉर्ड कमी, त्याहून कमी

‘स्वॉलोटेल’ला दोनच कॉर्ड पुरतात. पहिल्या भागात दोन बार ‘ई मायनर’, दोन बार ‘डी’, पुन्हा दोन बार ‘ई मायनर’, सातवा ‘डी’, आठवा ‘ई मायनर’. दुसऱ्या भागात तीन बार ‘ई मायनर’, चौथा ‘डी’, मग दोन ‘ई मायनर’, एक ‘डी’, एक ‘ई मायनर’. सरगमेत म्हणायचं तर एक कॉर्ड सा-ग-प, दुसरी नि-रे-म.

इथे एक सापळा आहे. ‘ई मायनर’ आणि ‘डी’ दिसले की रॉक गिटारवाल्याचा हात आपसूक ‘सी’ कॉर्डकडे जातो. जाऊ देऊ नका. या धूनेत धैवत शुद्ध आहे आणि ‘सी’ म्हणजे कोमल धैवत. ती कॉर्ड मारलीत की काफीची आसावरी होते आणि धूनेतला धैवत आला की दोन स्वर एकमेकांना ओरबाडतात. तिसरी कॉर्ड हवीच असेल तर ‘ए मेजर’ घ्या, म-ध-सां. कुठल्याही नव्या धूनेत कॉर्ड लावण्यापूर्वी धैवत आणि निषाद कोमल की शुद्ध, हे आधी तपासा. रियाजातला अर्धा वाद तिथेच मिटतो.

अकूस्टिक गिटार असेल तर तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून पाहा. नेहमीच्या जुळणीतून सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर खाली उतरवायची. ही जुळणी साठच्या दशकात डेव्ही ग्रेअम या इंग्लिश गिटारवादकानं रुजवली आणि नंतर आयरिश साथसंगतीत ती जणू नियमच झाली. मोकळ्या तारा छेडल्या तर त्यात गंधारच नसतो, मेजर-मायनरचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावला की षड्ज ‘ई’वर येतो.

इलेक्ट्रिक गिटारवर पॉवर कॉर्ड, आणि हातानं दाबून मारलेले आघात. धूनेच्या पहिल्या फेरीत तर कॉर्ड बदलूच नका, ‘ई-बी’ची जोडी धरून ठेवा. ‘डी’ येणार असं कानाला वाटतं आणि तो येत नाही. दुसऱ्या फेरीत आला की मग तो दार उघडल्यासारखा येतो.

सहावी पायरी: ड्रम

बहुतेक प्रयोग इथे फसतात, म्हणून हा भाग मोठा आहे.

लोकसंगीतात तालाचं काम बौरॉन करतो, बकरीच्या कातड्याचा एका बाजूनं मढवलेला चपटा ड्रम, छोट्या काठीच्या दोन्ही टोकांनी वाजवायचा. चांगला बौरॉनवाला धून पाठ असल्याशिवाय हात लावत नाही. ड्रमरलाही तीच अट घाला: धून तोंडानं म्हणून दाखव, मग काठ्या घे. आमच्या ड्रमरनं आधी नाक मुरडलं. पण ज्या दिवशी त्याला दुसरा भाग म्हणता यायला लागला त्याच दिवशी त्याचे अनावश्यक रोल कमी झाले. कुणी सांगावं लागलं नाही.

जिगचा साधा रॉक ठेका असा. सहा मोजा. बेस ड्रम एकवर, स्नेअर चारवर. हाय-हॅट एक, तीन, चार, सहा या मात्रांवर, म्हणजे दोन आणि पाच मोकळे. ते दोन मोकळे सोडल्यानंच मघाशी सांगितलेला ‘मधला घाईचा’ स्वर धूनेला मिळतो. हाय-हॅट सहाही मात्रांवर खडखडायला लागली की जिग मेली समजा.

ठेका घट्ट करायचा असेल तर वेग वाढवण्याआधी वाद्य बदला. पहिल्या फेरीत फक्त फ्लोर टॉम, एक आणि चार. दुसऱ्या फेरीत स्नेअर. तिसऱ्या फेरीत झांजा. पोग्सचा उभा ड्रमर आठवा: तिथे ड्रम कमी होते म्हणूनच व्हिसल आणि अकॉर्डियनला जागा उरली.

रीलला आलात की दोन वाटा फुटतात. स्नेअर बारमध्ये एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर ठेवला तर धून वर पळते आणि ड्रम खाली जड चालतात, हेवी रॉकचा भाव येतो. स्नेअर दुप्पट केला, दर ‘ऑफ’वर, तर तोच पंक होतो आणि लोक उड्या मारायला लागतात. एकाच रीलच्या दोन फेऱ्यांत या दोन्ही वाटा लागोपाठ वापरल्या की वेग काडीचाही न बदलता तो दुप्पट झाल्याचा भास होतो. माझ्या मते या संगीतातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक युक्ती आहे, म्हणून एका कार्यक्रमात एकदाच.

बेस गिटारला फार काही नाही. षड्ज धरा, बेस ड्रमशी जुळवा, धूनेची नक्कल करू नका.

बौरॉन विकत घेतलात तर एक इशारा: कातडं दमट हवेत सैल पडतं. कोकणात किंवा पुण्याच्या जुलैत तो पाटावर चापट मारल्यासारखा वाजेल. कडेनं कसता येणारा, स्क्रूचा बौरॉन घ्या.

सातवी पायरी: पाइप हवाच असेल तर

आधी कुठला पाइप ते ठरवा. आयर्लंडचा ‘इलन’ पाइप कोपराखालच्या भात्यानं हवा भरून, बसून वाजवतात. आयरिशमध्ये ‘इल्ला’ म्हणजे कोपर, त्यावरून नाव. त्याचा आवाज गोड आणि आटोपशीर, बाकीच्या वाद्यांशी सुरात जुळतो, पण शिकायला वर्षं जातात आणि वाद्य महाग.

हायलँड बॅगपाइप आपल्याला जास्त ओळखीचा, कारण भारतीय लष्कराच्या बँडमध्ये तो आजही वाजतो. त्यामुळे पाइपर मिळणं वाटतं तेवढं अवघड नाही. अडचण पट्टीची आहे. पाइपर ज्याला ‘ए’ म्हणतो तो प्रत्यक्षात ‘बी फ्लॅट’च्याही थोडा वर वाजतो. तुमची गिटार आणि त्याचा पाइप यांच्यात नेमका असा फरक पडतो की धड हेही नाही, धड तेही नाही. उपाय दोन: पाइपरकडे बरोबर ‘बी फ्लॅट’ देणारा चँटर (धून वाजवायची नळी) असेल तर तो लावून घ्यायचा, नाहीतर सगळ्या बँडनं ट्यूनर बाजूला ठेवून पाइपच्या षड्जाशी तारा जुळवायच्या. पाइप कुणाशी जुळवून घेत नाही. आणि त्याच्याकडे जेमतेम नऊ स्वर आहेत, म्हणून धूनही त्याच्या मापाची निवडा.

दोन्ही नसतील तर गिटारवरच तो भास करता येतो. ऐंशीच्या दशकात स्कॉटलंडच्या बिग कंट्री या बँडच्या गिटारी ऐकून लोकांना बॅगपाइप वाटायचे. एक मोकळी तार सतत झंकारत ठेवा आणि शेजारच्या तारेवर धून वाजवा.

आठवी पायरी: संच बांधा

एकटी धून वाजवून थांबत नाहीत. दोन-तीन धूना एकमेकींना जोडून ‘सेट’ करतात, प्रत्येक दोनदा किंवा तीनदा. एका धूनेतून दुसरीत उडी मारण्याचा क्षण हा सगळ्यात मोठा टाळीचा क्षण. तो वाया घालवू नका.

‘स्वॉलोटेल’ तीनदा वाजवली की साधारण शंभर सेकंद होतात. तिच्यामागून ‘केश’ ही जिग ‘जी’मध्ये घ्या. काफीच्या सावलीतून एकदम बिलावलच्या उन्हात आल्यासारखं होतं. किंवा जिगमधून रीलवर या, ‘ड्रौझी मॅगी’ घ्या, जिचा षड्ज पुन्हा ‘ई’ आहे. सहाच्या मोजणीतून आठाच्या मोजणीत जाताना मोठा ठोका तोच ठेवा, आतले भाग बदला.

बदलाच्या आधीचे दोन बार बेस आणि ड्रम पूर्ण थांबवा. व्हायोलिन एकटं. आणि नव्या धूनेच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र. आम्ही एकदा हौसेनं तिथे तिहाई टाकली. टाळ्या पडल्या, पण समोर पावलं टाकणाऱ्या मंडळींचे पाय अडखळले. तिहाई समेची वाट पाहायला लावते आणि ही धून कुणालाच थांबू देत नाही. काढून टाकली.

नववी पायरी: गाणं घेतलंत तर

धूनांबरोबर लोकगीतंही आहेत आणि त्यांना वेगळी वागणूक लागते. ‘व्हिस्की इन द जार’ ही कॉर्क आणि केरीच्या डोंगरातल्या वाटमाऱ्याची गोष्ट. डब्लिनच्या थिन लिझीनं 1972 च्या अखेरीस ती रॉक करून काढली, आणि बँडला स्वतःला ती रेकॉर्डची मागची बाजू वाटत होती. चालली तीच. तिचं सुरुवातीचं गिटार पारंपरिक चालीत नाही, ते एरिक बेल या गिटारवादकानं रचलेलं आहे. म्हणजे इथे उलटी पद्धत: शब्द आणि चाल लोकांची, रिफ नवा. 1998 मध्ये मेटॅलिकानं हे गाणं केलं ते थिन लिझीच्या मार्गानं, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. गाण्यात गोष्ट ऐकू यायला हवी, म्हणून कडव्यात गिटार मागे आणि कडव्यांच्या मध्ये पुढे. आयरिश उच्चारांची नक्कल मात्र करू नका.

दहावी पायरी: आवाज

व्हिसल, व्हायोलिनचा चावरा भाग आणि गिटारची खरखर हे तिन्ही साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात. जागा गिटारनं सोडायची. गेन, म्हणजे खरखर वाढवणारं बटण, घरी लावता त्याच्या निम्म्यावर आणा, मिड (मधल्या पट्ट्यातला आवाज) थोडा कमी करा. खोलीत एकटी वाजवताना गिटार किरटी वाटेल, बँडमध्ये बरोबर बसेल. व्हायोलिनला मायक्रोफोनपेक्षा पिकअप बरा, नाहीतर झांजांचा आवाज त्यातच शिरतो. व्हिसलचा माइक तोंडासमोर नको, फुंकर ऐकू येते. छिद्रांच्या मधल्या भागाकडे, जरा बाजूनं.

साउंड चेकला पहिल्यांदा धून वाजवणाऱ्याचा आवाज लावून घ्या आणि बाकीचे एकेक करून त्याच्याखाली आणा. बहुतेक ठिकाणी ड्रमपासून सुरुवात करायची पद्धत आहे. साउंडवाल्या दादांना आधीच, चहा पिताना सांगून ठेवा.

नाव कुणाचं लिहायचं

पारंपरिक धून कुणाच्या मालकीची नसते. पण ज्याला सगळे पारंपरिक समजतात अशा कित्येक धूना विसाव्या शतकातल्या कुणा वादकानं रचलेल्या असतात. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी रचनाकार शोधा. खरोखर पारंपरिक असेल तर ‘पारंपरिक, बांधणी अमुक’ असं लिहा. बांधणी तुमची, धून नाही.

थांबायचं कसं

हे कुणी शिकवत नाही. धून गोल फिरणारी आहे, तिला स्वतःहून शेवट नाही. त्यामुळे पहिल्या कार्यक्रमात ड्रमर एक फेरी आधी थांबतो, व्हायोलिनवाली पुढची फेरी सुरू करते आणि गिटारवाला दोघांकडे बघत राहतो. खूण ठरवून घ्या. आयरिश बैठकीत धून बदलताना कुणीतरी ‘हप!’ म्हणून ओरडतं, ती चालेल. शेवटच्या फेरीसाठी आमच्याकडे व्हायोलिनवाली पाय उचलते. ती फेरी पूर्ण जोरात, शेवटच्या ‘गसासा सा––’वर सगळ्यांचा एकच आघात, गिटारच्या तारा लगेच हातानं दाबायच्या, आणि षड्ज धरून फक्त व्हायोलिन राहील, गज संपेपर्यंत.